मामाचा हिरवागार ऊस मी कसा वाळवला

फोटो एडिट करण्यात अख्ख्या मिरजेत माझा हात कुणी धरू शकत नाही, असं माझं मत आहे. ते फक्त माझंच आहे, हेही सांगून टाकतो. मोबाइलवरच्या फोटोला मी असा रंग देतो की तो चाळीस वर्षांपूर्वी रिळावर काढल्यासारखा वाटावा: पिवळट, दाणेदार, कोपरे काळवंडलेले. त्यामुळे दहिवडीजवळच्या मामानं "उसापशी माझा एक झ्याक फोटू काढ" असा फोन केल्यावर मी शनिवारी सकाळीच गाडी काढली.

तुम्ही जाणार असाल तर तासगाव, विटा, मायणी असा रस्ता धरा. विट्यात पोट भरून घ्या. मला मिसळ सत्तर रुपयांना पडली आणि ठसका मायणीपर्यंत पुरला. पुढं टेकड्या बोडक्या होत जातात आणि मेंढरं रस्ता बापाचा असल्यासारखी चालतात. हॉर्न वाजवू नका, काही उपयोग नाही.

मामा जन्मभर अशाच मेंढरांमागं हिंडला. गेल्या वर्षी कालव्याचं पाणी आलं आणि गड्यानं माण तालुक्याच्या दुष्काळी मातीत चक्क ऊस लावला. फोटो हवा होता तो मुंबईत गोदामात कामाला असलेल्या मुलाला, सतीशला पाठवायला.

"त्येला म्हटलं, पाणी आलंय, ये आता घरी. इस्वासच बसंना त्येचा," मामा म्हणाला. "फोटू बघितला की येतंय बघ."

नवा पटका बांधून मामा उसापुढं ताठ उभा राहिला. मी आठ-दहा फोटो काढले आणि मामीच्या भाकरी-उसळीवर ताव मारत एकावर माझी कला सांडली. मामाचा चेहरा ठळक ठेवला. महागड्या लेन्सनं काढल्यासारखं मागचं सगळं धूसर केलं, हिरव्याचं जुनाट पिवळं केलं, वर दाणे भुरभुरले. काय दिसत होता म्हणून सांगू! तसाच सतीशला धाडला.

दहा मिनिटांत उत्तर आलं: "मागं वाळकं गवातच दिसतंय की. आबाला सांग, मी हितंच बरा हाय."

मामानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "आरं, माझा ऊस कुठाय रं?"

"मामा, ते जुन्या फिल्मसारखं..."

"जुनं लय बघितलंय आमी! पिवळं बघून बघून डोळं गेलं. जन्मात एकदा हिरवं आलं, ते बी तू वाळवलंस?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताबडतोब मूळ फोटो पाठवला. सतीशचं उत्तर: "आता हिरवा रंग मारलास व्हय? तुमी दोघं मिळून मला येडा बनवताय." व्हिडिओ कॉल लावला, तर रेंजनं मान टाकली. मामा त्या रात्री माझ्याकडं पाठ करून जेवला, मामीनं मात्र दुप्पट वाढलं. तेच जास्त लागलं.

रविवारी मिरजेला परतलो. एरवी ट्रिपहून आलो की रात्रभर फोटो रंगवत बसतो. या वेळी आठवडाभर ते अॅप उघडायची हिंमत झाली नाही. शंभर खरे फोटो पाठवले असते तरी सतीशला ते मी रंगवलेलेच वाटले असते, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

पुढच्या रविवारी मामाचा फोन आला.

"सत्या आलाय. तुझा फोटू खोटा हाय म्हणून दाखवाया आलाय."

"मग?"

"सकाळधरनं उसातच हाय," मामा हळू आवाजात म्हणाला. "पानं बोटानं चोळून बघतोय, रंग निघतोय का."