शाईतले 'नाही'

हौसाक्का बालवाडीतल्या मुलांची प्रगतिपत्रके पेन्सिलीने भरत. पत्रके शाईनेच भरावीत अशी वरून सक्त सूचना होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे माझे काम होते. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या बालवाड्यांचा तपासनीस होतो. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आमची एक बालवाडी होती. ती हौसाक्का चालवत. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारले, पेन संपले आहे का?

"पेन हाय की," त्या म्हणाल्या. "पर पोरगं हाय त्ये सर, दगूड न्हाय. आज करंना, उद्या करंल. मग पुसायचं कशानं?"

हौसाबाई कांबळे त्यांचे नाव. वय पंचेचाळिशीचे, नवरा लवकर गेलेला, शिक्षण सातवीपर्यंत, दारात दोन म्हशी. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जात, आणि तिथेही त्यांचा आवाज सर्वांच्या वर असे, हे त्या स्वतःच सांगत. भिंतीपलीकडे दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. त्या खडखडाटावरून त्यांची हाक रस्त्याच्या टोकापर्यंत पोचे.

पत्रकात प्रत्येक मुलापुढे प्रश्न छापलेले होते. एका पायावर उभे राहते का, रंग ओळखते का, पाचपर्यंत मोजते का. उत्तराला दोनच रकाने, 'हो' आणि 'नाही'. हौसाक्का 'नाही'च्या रकान्यात बारीक अक्षरात लिहीत, 'अजून'. मी हरकत घेतली. त्यांनी मला दाराकडे बघायला सांगितले. "न्हाय म्हंजे कडी लावली. अजून म्हंजे दार नुसतं लोटलंय." दार खरोखरच नुसते लोटलेले होते आणि फटीतून एक शेळी आत बघत होती. मुले हसली. मलाही हसू आले, पण वहीत मी शेरा लिहिलाच.

मुलाला समोर उभे करून प्रश्न विचारणे त्यांना पटत नसे. "तुमी इचारलं की त्याला येतंय ते बी इसरतंय," त्या म्हणत. त्यांची तपासणी फुटाणे वाटताना चाले. ज्याला मोजता येत नाही असे मी म्हणे, त्याला त्या मुद्दाम एक फुटाणा कमी देत. तो ओरडला की माझ्याकडे बघून भुवई उडवत. मग पदराला हात पुसून पेन्सिल उचलत.

त्या वर्षी रेणुका नावाची मुलगी होती. आईबाप सोलापूरकडून आलेले, दोघेही मागावर. कारखान्याला लागूनच त्यांची खोली. मुलगी बोलत नसे. मी तिला माझ्या नेहमीच्या हळू आवाजात नाव विचारले, मोजायला सांगितले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. मी पाच प्रश्नांपुढे 'उत्तर नाही' असे टिपून घेतले.

हौसाक्का म्हणाल्या, तुमच्या मिशीमुळं तिला काय दिसंना. मला आधी राग आला. मग त्यांनी समजावले. मागाच्या खोलीत कान चालत नाहीत, डोळे चालतात. तिथली माणसे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात, आणि ही पोरगी जन्मापासून तेच बघत आली आहे. बालवाडीच्या खोलीत दुसऱ्या टोकाला टोपलीभर जुन्या कांड्या होत्या, मागावरच्या सूत गुंडाळायच्या. मुले त्यांच्यावरच मोजायला शिकत. हौसाक्कांनी रेणुकाला तिकडे पाठवले आणि इकडून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवले. रेणुकाने पाच कांड्या आणून माझ्या पायाशी मांडल्या. चार नाही, सहा नाही. मग माझ्याकडे पाहून तिने पंजा उघडून दाखवला.

हौसाक्कांनी पत्रकात लिहिले, 'हो, हातानं'.

मार्चअखेर सगळी पत्रके नगरपालिकेच्या शाळेकडे जायची होती. पेन्सिलीची पत्रके पाठवली तर ठपका माझ्यावर आला असता. म्हणून रविवारी दुपारी घरी बसून मी ती स्वतः शाईने भरली. जिथे 'अजून' होते तिथे 'नाही' केले. रेणुकाच्या 'हो, हातानं' पाशी हात थांबला, हे मला आठवते. नियम असा होता की मोजणे कानांनी ऐकू आले पाहिजे. मी 'नाही' लिहिले आणि खालची पेन्सिल खोडरबराने पुसून टाकली.

शाळेने ते पत्रक पाहून रेणुकाच्या बापाला सांगितले, मुलगी मंद आहे, पहिलीत बसणार नाही. बापाने दुसऱ्या दिवसापासून तिला आईशेजारी कांड्या भरायला बसवले. दिवाळीनंतर ते कुटुंबच गाव सोडून गेले.

शाळेचा निर्णय कळला तेव्हाच हौसाक्का एसटीने कोल्हापूरला संस्थेत आल्या आणि मोठ्या आवाजात विचारले, पोरीचं असं कुणी लिवलं. बैठक बसली. अध्यक्षांनी शाळेकडून मागवलेले पत्रक त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी अक्षर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. अध्यक्षांनी मला विचारले, ही पत्रके कोण भरते?

मी म्हणालो, "सेविकाच भरतात."

हौसाक्कांना गप्प बसलेले मी तेवढे एकदाच पाहिले. निष्काळजीपणाचे कारण दाखवून संस्थेने त्यांना काढले. जिन्यात मी त्यांच्या मागे गेलो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. तुमच्या दोन पोरी शिकत्यात. माझ्या दोन म्हशी हाईत, त्यास्नी कुठं फी भरायची हाय. त्या पोरीचं तेवढं पुसा."

मी हो म्हणालो. शाई पुसत नाही, असे नंतर स्वतःला सांगत राहिलो. नवे पत्रक लिहिता आले असते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर त्या भेटल्या. हातात दुधाची रिकामी किटली. त्यांनीच चहा पाजला. रेणुकासाठी त्यांनी एकेक कारखाना पालथा घातला होता. कुणी भिवंडी म्हणाले, कुणी सुरत. मी धीर करून विचारले, हौसाक्का, मला माफ केलंत का?

त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला.

"अजून," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. तेवढ्यात माझी गाडी लागली.

पुन्हा जायचे ठरवत राहिलो. दोन वर्षांनी गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितले, गेल्या उन्हाळ्यातच गेल्या.

आता माझेच कान गेले आहेत. घरातले बोलतात तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे पाहतो, रेणुका माझ्याकडे पाहत होती तसा. कानाला यंत्र आहे, तरी निम्मे निसटते. हौसाक्का रस्त्याच्या टोकावरून हाक मारतील तर यंत्राशिवाय ऐकू येईल, असे वाटते. संध्याकाळी गॅलरीत बसलो की उगीच तिकडे बघतो.

हे सगळे मी पेन्सिलीने लिहिले आहे. चुकले असेल तर कुणीतरी दुरुस्त करावे. पुढच्या दोन ओळी मात्र शाईने लिहितो.

रेणुकाला पाच मोजता येत होते, मी पाहिले होते.

पत्रकातले अक्षर माझे होते.