दुखायच्या आधी सांगा: कन्हानकाठच्या योगशिबिरातले दोन दिवस

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी जवळपास वर्षभर ऑफिसात बसून ड्रॉइंग तपासत होते. माझं खरं काम विजेच्या मोठ्या वाहिन्यांचे टॉवर चढून तपासण्याचं. पुन्हा चढायचं तर कंपनीच्या डॉक्टरांची चाचणी पास व्हावी लागते. फिजिओथेरपिस्टने योग सुचवला, पण एका अटीवर: गुडघा आपणहून वाकेल तेवढाच वाकवायचा, बाहेरून कोणी जोर लावायचा नाही. लिगामेंट पुन्हा गेलं तर टॉवर विसरायचा. हे नीट ऐकून घेऊन मी कन्हानजवळच्या एका फार्महाऊसवरच्या शनिवार-रविवारच्या शिबिरात नाव दिलं. ‘नवशिक्यांनाही चालेल’ असं त्यांनीच कळवलं होतं.

शहराच्या दक्षिण टोकाच्या हुडकेश्वरहून थंडीत, उजाडताना स्कूटरने निघाले. इतवारीच्या बाजारात हातगाड्या आणि टेम्पो भरायला लागायच्या आत तिथून बाहेर पडलात तर शहर पटकन मागे पडतं. पुढे कामठी रोड मेट्रोच्या खांबांखालून सरळ जातो. नदीच्या पुलाआधी मास्क लावा, कारण कोळशाचे ट्रक पुढे असतील तर चेहरा काळा होतो. बस आणि ऑटो कन्हानपर्यंत मिळतात, पण फार्महाऊस आत आहे आणि आतला रस्ता कच्चा आहे.

कन्हानच्या चौकात मी एक चूक केली. टपरीवर तर्री पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा ओतलेले पोहे, खाल्ले. वाढणाऱ्याने विचारलं, “ताई, तर्री अजून देऊ का?” आणि मी हो म्हटलं. पहिल्या वर्गाला जाणाऱ्यांनी हे करू नये. पुढे वाकण्याच्या प्रत्येक आसनात ती तर्री घशाशी येते. उपाशी जा, नाहीतर एखादं केळ खा.

फीमध्ये जेवण, चहा आणि रात्रीची गादी येते. मॅट आणि चादर आपली न्यायची. फोन सकाळीच जमा करून घेतात.

शिकवणाऱ्यांना सगळे ‘सर’ म्हणत. दारातच मी त्यांना गुडघ्याचं सांगितलं. ते हसून म्हणाले, इथे सगळं ठीक होते.

पहिल्या सत्रात माझ्या पुढच्या मॅटवर शोभाकाकू होत्या. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्या या शिबिराला दरवर्षी येतात. पाय लांब करून पुढे वाकायचं होतं. काकू अर्ध्यावर थांबल्या, तेव्हा सर मागून आले आणि त्यांनी दोन्ही तळहात काकूंच्या पाठीवर ठेवून वजन टाकलं. काकूंच्या तोंडून आवाज निघाला. लोक हसले. “अहंकार निघून राहिला,” सर म्हणाले. काकूही हसल्या, पण डोळे मिटून.

मग तळपाय जुळवून, गुडघे बाजूला टेकवायचं आसन आलं. इकडे त्याला तितली म्हणतात. माझे गुडघे जमिनीपासून बरेच वर होते. सर समोर बसले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यांवर हात ठेवले.

“हात लावू नका, सर. ऑपरेशन झालंय.”

“मॅडम, भीती गुडघ्यात नाही, डोक्यात आहे.”

हात तिथेच होते. मी त्यांची मनगटं धरली आणि बाजूला केली. “मी तुमचे हात काढतेय. परत ठेवू नका.”

“मग इथे काहून आल्या?” त्यांनी विचारलं. “घरी मोबाईल पाहून करायचं.”

“शिकायला आले. शिकवा. दाबू नका.”

त्यांनी मला दाराजवळच्या शेवटच्या रांगेत पाठवलं. मॅडमले सांभाळा, काचेच्या आहेत, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पुन्हा लोक हसले.

माझ्या कामात आम्ही एखाद्या भागावर भार टाकतो तेव्हा तो हळू वाढवतो आणि प्रत्येक टप्प्यावर रीडिंग घेतो. रीडिंग न घेता भार वाढवणाऱ्याला साइटवरून बाहेर काढतात. इथे गुडघा माझा होता, म्हणजे रीडिंग फक्त मलाच दिसत होतं. त्यामुळे भार किती, हे ठरवणं माझं काम होतं. त्यात उद्धटपणा काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत स्कूटरची किल्ली हातात घेऊन मी थोडा वेळ बाहेर उभी राहिले. मी गेले असते तर सरांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. किल्ली परत ठेवली.

भाकरी आणि झुणका चांगला होता. जेवल्यावर सगळ्यांनी वज्रासनात बसायचं, असा तिथला नियम. मी पाय पसरून बसले. शोभाकाकूंचं जेवण अजून उरलं होतं; त्या ताट घेऊन शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “काहून वं, लय दुखलं का तुले?”

“नाही काकू. दुखायच्या आधीच सांगितलं.”

त्या घास हातात धरून थांबल्या. “दुखायच्या आधी सांगता येते होय?” मग म्हणाल्या, “मी तर घरी जाऊन चार दिवस बाम लावते. मले वाटे, हाच योगा.”

एक गोष्ट लिहायलाच हवी. उभ्याची आसनं सर उत्तम शिकवतात. पावलाचा कोणता भाग जमिनीला टेकवायचा, गुडघा कुठल्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, हे इतकं स्पष्ट मला दवाखान्यातही कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या रांगेतही ते ऐकू येत होतं. मी सगळं शिकून घेतलं.

रविवारी सकाळी पुन्हा तेच पुढे वाकणं आलं. सर काकूंच्या मागे आले. काकूंनी आधी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग मागे न बघता हात वर केला, चहा नको म्हणताना करतात तसा. “राहू द्या सर. मी जाते तेवढी जाते.” सर पुढच्या मॅटकडे गेले. या वेळी कोणी हसलं नाही.

परतताना काकू माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. इतवारीपर्यंत त्या भांड्यांचे भाव आणि सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, शिबिराबद्दल एक शब्दही नाही. उतरताना फक्त म्हणाल्या, आज बाम नाही लागत.

घरी येऊन मी भिंतीला पाठ टेकून गुडघा वाकवून पाहिला. शनिवारी निघताना जेवढा वाकत होता तेवढाच वाकला. पण त्या एकाच पायावर उभी राहिले तेव्हा तो पूर्वीसारखा थरथरला नाही. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. हा गुडघा मी स्वतः टॉवरच्या शिडीपर्यंत नेणार आहे.

रात्री शिबिराच्या ग्रुपवर सरांचा संदेश आला: पुढच्या वेळी समर्पणाची तयारी असलेल्यांनीच नाव द्यावं. मग शोभाकाकूंचा संदेश दिसला: “मी येईन. पाठीले हात लावायचा नाही.”

त्याखाली मी माझं नाव लिहिलं.