धाकूकाकांचं ‘मग?’

धाकूकाकांना नुसता शब्द चालत नसे. लग्न होऊन मी दिवेआगरला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात वाडीत उभी राहून कौतुकानं म्हणाले, “सुपारी पिकली!” पोफळीच्या शेंड्याला बिलगलेल्या काकांनी वरूनच विचारलं, “कशावरनं?”

“रंग आलाय ना.”

“मग?”

“मग... छान दिसतेय.”

“छान दिसते म्हनून पिकली म्हनत न्हाईत, बाई. पिकली म्हंजे मी आज उतरवनार, तुमी खळं सारवनार, वाळंपर्यंत राखन करनार. यातलं काय करायचं नसंल तर नुसती तांबडी झाली म्हना.”

मी शाळेत मराठी शिकवते. एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहायचा आणि त्याला अर्थ म्हणायचं, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे आमचे पाडेली, म्हणजे नारळ-सुपारी उतरवणारे काका, माझीच शाळा घेऊ लागले तेव्हा सुरुवातीला रागच यायचा. पण ते कुणालाच सोडत नसत. शेजारचे भाऊ मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, “घर आपलंच समजा.” काका लगेच, “आपलंच? मग रातच्या धाला फाटकाला कुलूप कशापायी घालतोस?” पाहुणे खो खो हसले. त्या दिवसापासून कुलूप घालणं बंद झालं, हे विशेष.

सत्तरी उलटली तरी काका एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरायचे, दुसरीवरून तिसरी. जमिनीला पाय न लावता अर्धी वाडी उरकायचे. त्यांचा मुलगा मंगेश खाली जीव मुठीत धरून उभा असायचा.

“बाबा, म्हातारे झालात आता. बस करा.”

“कशावरनं?”

“केस पिकले सगळे.”

“मी केसांनी चढत न्हाय.”

मंगेश दरवेळी हरायचा. मला वाटायचं, काकांना वादाची हौस आहे. खरं तर ते ‘म्हातारा’ या एका शब्दाला घाबरून होते. तो कबूल केला की पोफळ सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी पुढची पोफळ धरायला हात लांब केला आणि मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. मग सावकाश खाली उतरले. मी आणि मंगेश धावलो.

“म्हातारा झालो, बाई.”

“छे हो काका! कोण म्हणतं?”

तेव्हा ते माझ्यावर चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “गोड बोलू नका. म्हातारा झालो म्हनायचं नि उद्या परत चढायचं, तर म्हटलं कशाला?” कमरेचा कोयता सोडून त्यांनी मंगेशच्या हातात दिला. हेच ऐकायला इतकी वर्षं थांबलेला मंगेश लहान पोरासारखा रडायला लागला.

काका मात्र तरातरा ओसरीवर गेले आणि आजवर कधी टेकले नव्हते त्या झोपाळ्यावर ऐसपैस बसले.

“बघताव काय नुसते? म्हातारा झालो ना मी? मग म्हाताऱ्या मानसाला च्या घेनार का म्हून इचारत न्हाईत. आनून देतात.”

मी डोळे पुसत, हसत आत पळाले.