मागच्या सीटवरचा गणपती

शोरूममधल्या माणसाने गाडीचा पुढचा दरवाजा अदबीने उघडून धरला, तेव्हा कुंदावहिनी तिथे नव्हतीच. ती मागच्या दरवाज्याशी वाकून सीटवर पेंढा पसरत होती. पेंढ्यावर तिने पिशवीतून काढलेला वीतभर उंचीचा गणपती ठेवला. शाडूचा, कच्चा, रंगाचा हात न लागलेला. मग सीटचा पट्टा ओढून त्याच्या पोटावरून नीट घेतला आणि खटका लावला.

"काकू, हे काय?"

"आधी त्याला बसवायचं. मंग मी बसेन."

"आणि चालवणार कोण? साहेब येतायत का?"

"साहेब वर गेले, आठ वर्षं झाली. त्यांना बोलवतोस का मीच चालवू?"

माणूस माझ्याकडे बघू लागला. मी हातातल्या कागदांकडे बघितलं. गाडी घेणाऱ्यांसाठी माझी सत्तावीस कलमांची यादी आहे. पेणमधल्या निम्म्या ओळखीच्यांनी ती वापरली आहे. मी रोह्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते, तिथे यादीशिवाय खिळाही हलत नाही, आणि ती सवय घरी आली आहे. कुंदावहिनीसाठी मी खास मोठ्या गाड्यांची वेगळी प्रत केली होती. तिने ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "तुझी सत्तावीस तू बघ गो संध्या. माझं एकच हाय. त्याचा कान शाबूत परत आला पायजे."

पहिल्या गाडीत कान गेला. महामार्गाच्या उखडलेल्या तुकड्यावरून आम्ही जाऊन आलो आणि पाहतो तर कानाची कड पेंढ्यात पडलेली. शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, ती माती आहे. तुटणारच."

"माती हाय म्हनून तर आनली. लोखंड आनलं असतं तर तुझी गाडी पास झाली असती."

मला ते बरं वाटलं नाही. मोडलेला गणपती, तोही आपल्या हौसेपायी. मी तसं बोलले. ती शांतपणे कानाची कड रुमालात बांधत म्हणाली, "डोळे नाय काढले अजून. तवर माती हाय. डोळे काढले की देव. मधलं काय नसतं."

हे बोलायचा अधिकार तिचाच होता. माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, तिच्या घराला लागून. जोह्यात घरोघरी मूर्ती होतात, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात मोजके. कुंदावहिनी लग्न होऊन आली ती खारेपाटातून, मिठागरावर काम करणाऱ्या घरातून. पहिल्या वर्षी तिला माती मळायला बसवलं, आणि पाचव्या वर्षी सासऱ्यांनी स्वतःचा ब्रश तिच्या हातात दिला. नवरा गेल्यावर कारखाना दिराकडे, भास्करदादाकडे आला. डोळे मात्र हिच्याकडेच राहिले. चतुर्थीच्या आधीचे दोन महिने ती कोणाशी फार बोलत नसे. कोणी शिकायला आलं तर एवढंच सांगायची, "हात हलका, नजर लांब. ब्रश कुठं हाय ते बघायचं नाय. रेघ कुठं संपनार ते बघायचं."

दुसऱ्या गाडीतही कान गेला. तिसरी मध्यम आकाराची, उंच, चारही चाकांना जोर देणारी. गणपती जसा गेला तसा परत आला. वहिनीने त्याचे कान, बोटं, सोंडेचं टोक नखाने हळूच तपासलं. मग शोरूमवाल्याकडून चार चाकांचा आणि चढाच्या संथ गिअरचा दांडा कसा टाकायचा ते तीनदा दाखवून घेतलं. चौथ्यांदा तिने त्याला दाखवलं. बरोबर होतं. माझ्या यादीतली सत्तावीस कलमं मी रात्री घरी एकटीनेच भरली.

आता गाडी कशाला, ते सांगते. रोह्यापलीकडे डोंगरात एक वाडी आहे, आम्ही तिला वरची वाडी म्हणतो. सगळ्या वाडीचा मिळून एकच गणपती, देवळात बसतो. तो तिच्या सासऱ्यांच्या काळापासून यांच्याच कारखान्यातून जातो. वाडीच्या अलीकडे ओढा आहे, त्यावर फरशी, म्हणजे पाण्याच्या पातळीला बांधलेला बुटका पूल, आणि पुढे तांबड्या चिखलाचा उभा चढ. आदल्या वर्षी भाड्याचा टेम्पो फरशीपाशीच थांबला. ड्रायव्हरने मूर्ती पावसात खाली उतरवली आणि तो निघून गेला. वाडीची माणसं ती डोक्यावर घेऊन चढली. अर्ध्यात एकाचा पाय घसरला. हात मोडला, मुकुट फुटला. डोळे रंगवलेली मूर्ती, ती पुजता येईना. त्यांनी तिची क्षमा मागून तिथेच ओढ्यात सोडली आणि देवळात सुपारी बसवली.

वाडीने तक्रार केली नाही. हेच वहिनीला लागलं. "कोन काय बोललं असतं तर बरं होतं," ती म्हणायची. "गप बसले गो. माझ्या हातचे डोळे रस्त्यात फुटले नि मी भेटाया गेले तर मानसांनी मलाच चा पाजला."

तिने वाडीला शब्द दिला की पुढचा गणपती देवळाच्या पायरीशी उतरेल. भास्करदादा म्हणाला, टेम्पो तिथे जात नाही तर ऑर्डरच सोडून देऊ. ही म्हणाली, टेम्पो जात नाही ना, मग जाणारी गाडी आणते. बावन्नाव्या वर्षी तिने माझ्या छोट्या गाडीवर शिकायला सुरुवात केली. हमरापूरच्या बाजूला भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतात आम्ही जायचो. बांधावर बसून बायका बघायच्या. "कुंदे, बैल सोडलास नि गाडी जुंपलीस काय गो?" कोणी ओरडलं की ही खिडकीतून हात काढून म्हणायची, "बस मागं, तुलाबी नांगरते!" शिकली मात्र चटकन. बाकीच्यांना मी वर्षभर सांगते की बॉनेटकडे बघू नका, पुढचा रस्ता बघा. तिला सांगावंच लागलं नाही.

गाडी जोह्यात आली त्या दिवशी भास्करदादाने गाडीपुढे नारळ फोडला, पण बोलणं सोडलं नाही. "वहिनी, गावात फिरवा. बाजारला जा. चिखलात घालू नका. बाईमानसाचं काम नाय ते."

"चिखलात मूर्ती घडवते ती बाईच ना, भावजी? मंग चिखलात गाडी का नाय?"

"आनि फुटली तर?"

कारखान्यातले सगळे ऐकत होते. "एक बोट जरी दुखावलं तर गाडी विकीन, नि ब्रशबी खाली ठेवीन." असं बोलणं तिचं नव्हतं. पण बोलली, आणि मागे घेतलं नाही.

त्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही सकाळी निघालो. मी रजा काढली होती आणि प्रवासाची यादी केली होती: दोर, फावडं, ताडपत्री, सुका पेंढा दोन भारे, पाणी, टायरची हवा, वाडीतल्या दोघांचे फोन. चौदावं आणि शेवटचं कलम होतं, ओढ्याला पाणी असल्यास परत फिरणे. मूर्ती मागे, सीटा पाडून, चारी बाजूंनी पेंढ्यात बसवलेली, तोंडावर कपडा. भास्करदादा गाडी बघायला आला नाही. का ते मला कळलं नाही, नंतर कळलं.

वडखळ, नागोठणं, कोलाड. खड्डा दिसला की वहिनी आवाज न करता ओठ हलवायची, बहुधा मागच्याला सांगत असावी. रोहा ओलांडून आत वळलो तेव्हा पाऊस धरला होता. फरशीपाशी पोहोचलो तर फरशी नव्हती. गढूळ पाणी तिच्यावरून जात होतं.

मी यादी काढली. "चौदावं. परत."

"थांब गो." ती उतरली. काठाशी पाणी जिथे चिखलाला टेकत होतं तिथे तिने एक दगड ठेवला, अगदी रेषेवर. मग गाडीत येऊन बसली. "माझ्या माहेरी खाडीचं पानी बांधावर यायचं ना, तवा आई असाच दगड ठेवायची. पानी चढतंय का उतरतंय ते डोळ्यांना कळत नाय, भीती वाटते म्हनून. दगडाला भीती नसते."

फोन वाजला. भास्करदादा. तिने स्पीकरवर लावला. "परत फिरा, वहिनी. आनि ती मूर्ती तशीच आना. डोळ्यांशिवाय रंगवलेली मूर्ती आपल्या कारखान्यातून आजवर भायेर पडली नाय. बाबा असते तर…"

मी मागे वळून कपडा उचलला. सगळं होतं, पितांबर, दागिने, गंध. डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत पांढरी माती. सकाळी तिने रंगाची डबी आणि ब्रश पिशवीत टाकला होता आणि मी तो यादीत लिहिला नव्हता.

"बाबांनी मना ब्रश दिला तवा जागा नाय आखून दिली, भावजी, की इथं बसूनच डोळे काढ म्हनून," ती फोनला म्हणाली. "पानी उतरू दे. मी कुठं जात नाय. पुढं बी नाय नि मागं बी नाय." आणि फोन बंद केला.

पाऊण तासाने दगड कोरड्यात होता. अजून तासाभराने फरशीची कड दिसली, मग सगळी फरशी. वहिनी चालत पलीकडे जाऊन आली, पायाने चाचपून. मग चाकांचा दांडा टाकला, चढाचा संथ गिअर टाकला आणि निघाली. फरशी सोपी होती. चढ सोपा नव्हता. अर्ध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी कुशीला सरकली. मी मागे झेपावून मूर्तीच्या पाटाला धरलं. तिने पाय काढला, गाडीला थोडं मागे येऊ दिलं, स्टीअरिंग बोटांनी धरल्यासारखं धरून पुन्हा हळू वर लावलं. तिचं लक्ष चाकांकडे नव्हतं, चढ जिथे संपतो त्या आंब्याकडे होतं. गाडी चिखल चावत चावत गेली. आंब्याखाली वाडीतली माणसं टाळ घेऊन उभी होती.

देवळाच्या पायरीशी मूर्ती उतरली. बोटं, कान, सोंड, सगळं जागेवर. कपडा काढला आणि टाळ थांबले. वाडीतले एक म्हातारे बाबा पुढे वाकून म्हणाले, "बाय, डोळं कुठं?"

"माझ्या पिशवीत."

तिने हात धुतले, पदर खोचला आणि सगळ्यांसमोर मांडी घालून बसली. "गेल्या वर्षी डोळे घेऊन निघालो नि रस्त्यात फुटले. यंदा रस्त्यानं नुसती माती आनली. देव तुमच्याकडंच होऊ दे." मग पिशवीतून ब्रश काढला. गेल्या वर्षी सुपारी बसवलेला पाट त्यांनी पायरीशी आणला होता, त्याच्याशेजारी तिने पहिली रेघ ओढली. बायकांनी लेकरांची तोंडं धरली. दुसऱ्या डोळ्याची बाहुली भरली तेव्हा म्हातारे बाबा पायरीवरच खाली बसले आणि त्यांनी हात जोडले. मी यादी पिशवीत ठेवली. तिथे खूण करायला काही नव्हतं.

परत आल्यावर भास्करदादाने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांमधला तांबडा चिखल बोटाने काढून बघितला, मळून बघितला, जसा तो माती बघतो. "चिकट हाय," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षी निघताना काळ्या रंगाची डबी त्यानेच आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.

वहिनीने ती गाडी नंतर खूप वर्षं चालवली. वरच्या वाडीला दर वर्षी, आणि एरवी ज्याला गरज पडेल त्याला. गावच्या बायकांना पेणच्या दवाखान्यात नेताना ती गणपतीसारखाच पट्टा लावायची, खटका दोनदा ओढून बघायची. कोणी पुरुष बाजूला बसून "हळू, हळू" करू लागला की गाडी कडेला घेऊन म्हणायची, "उतरून चाल. हळूच हाय ते." शेवटी तिच्या उजव्या हाताला थरथर आली. त्या वर्षीच तिने ब्रश भास्करदादाला दिला, कोणी सांगायच्या आधी. गाडी मात्र सोडली नाही. मी बोलले तर म्हणाली, "ब्रशला एकच हात असतो. गाडीला दोन असतात." दोन वर्षांनी डॉक्टरांनी बोलून दाखवल्यावर तीही सोडली, किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि सांगितलं, "भाड्यानं द्यायची नाय. वरची वाडी चुकवायची नाय." त्याच थंडीत ती गेली.

यंदा पहिल्यांदा मी नेली. शेजारी भास्करदादा, मांडीवर ब्रशची डबी. मागे मूर्ती, डोळ्यांशिवाय. आता कारखान्याची तीच रीत आहे, वरच्या वाडीपुरती. ओढ्याला पाणी होतं. मी कप्पा उघडून पहिल्या वर्षीची यादी काढली, तेव्हा परतताना तिथे टाकली होती, ती अजून तिथेच होती. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं: ओढ्याला पाणी असल्यास परत फिरणे. 'परत फिरणे' यावरून काळ्या रंगाची एक रेघ गेली होती, सुरुवातीला बारीक, मधे भरलेली, शेवटी पुन्हा बारीक, आणि कुठेही थरथरलेली नाही. पुढे त्याच ब्रशने लिहिलं होतं, 'थांबणे'.

मी यादी भास्करदादाला दाखवायला वळले. तो शेजारी नव्हता. पावसात काठाशी वाकून तो पाण्याच्या रेषेवर ठेवायला दगड शोधत होता.