शालूवन्संनी न केलेली सही

शालूवन्संना जाऊन चार दिवस झाले नव्हते, तोच त्यांच्या ऑफिसातून फोन आला. "आंटीजी, मैडम का वो फॉर्म मिल जाता तो..." मी म्हटलं, "फॉर्म मिल जाएगा भैया, साइन नहीं मिलेगा." आणि फोन ठेवून दिला. रडू नंतर आलं, आधी रागच आला.

शालूवन्सं माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, झाडापानांच्या अभ्यासापायी लखनौला आल्या. पुढे आमचीही बदली इथे झाली, तेव्हा इंदिरा नगरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहायला आल्या. त्या फॉर्मात प्रश्न एकच होता. आमच्या रत्नागिरीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, उगवणारं एक कंदीलपुष्प कित्येक वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. तर त्याला आता 'अतिसंकटग्रस्त' न म्हणता 'नामशेष' म्हणावं का? दुर्मिळ झाडांची यादी ठरवणाऱ्या कमिटीतल्या बाकी सगळ्यांनी हो म्हटलं होतं. या एकट्या अडून बसल्या होत्या. फूलच नाही म्हटलं की सडा चिऱ्याच्या खाणीला मोकळा होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा वैतागून मी म्हणाले, "अहो वन्सं, गेलेल्याला किती दिवस धरून बसणार?" एरवी त्यांनी मला सोलूनच काढलं असतं. पण त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "मीच उपटलंय गं ते, सुमन..."

कॉलेजात असतानाची गोष्ट. कागदावर चिकटवायचा नमुना मुळापासून फुलापर्यंत अख्खा हवा, ही झाडांच्या अभ्यासातली शिस्त. सड्यावर तीन रोपं होती. एक बिघडलं तर हाताशी असावं म्हणून वन्संनी तिन्ही कंदासकट खणून काढली आणि रद्दीत दाबली. सरांनी पाठ थोपटली. त्यानंतर तिथे ते फूल कुणाला दिसलं नाही.

मग दरवर्षी गणपतीची रजा सड्यावर. दोनदा मीही डबा घेऊन मागून हिंडले. "आधी बघ, मग पाय टाक," हे किती वेळा ऐकलं असेल! मातीत राहिलेला एखादा कंद रुसला तर वर्षानुवर्षं वर येत नाही म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या भावासारखाच मेला." कातळावर बसून पोट धरून हसल्या होत्या.

हॉस्पिटलात शेवटी यांनाच बहिणीची दया आली. पेन पुढे करून म्हणाले, "ताई, कर सही. संपव एकदाचं." वन्संनी पेन ढकललं. "उपटलं मी. आता पुसूही मीच?"

कमिटी काय, त्यांच्यावाचूनही लिहील. लिहू दे. मी सप्टेंबरचं रत्नागिरीचं तिकीट काढलंय. मुलगा म्हणतो, "मम्मी, आपको तो धनिया-पुदीने में कन्फ्यूजन होता है." होतं, कबूल. पण पाय कुठे ठेवायचा नाही, एवढं मला शिकवून ठेवलंय त्यांनी. परवा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर तिथल्या सिमेंटवरही मी आधी बघून मग पाऊल टाकत होते.

त्यांचं भिंग बॅगेत टाकलंय. फॉर्म वरच्या खोलीत त्यांच्या उशीखाली आहे, कोरा.