व्याह्यांचं जातं

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी सांगतो आहे, तिसगावच्या बाजारात कोंबड्या विकून वर आलेला आणि सौद्यात कुणाला हार न गेलेला माणूस. सावेडीत राहणारे हे निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. वाचून झालेल्या पेपरची ते तो कोरा वाटावा अशी घडी घालत, दूधवाल्याला 'आपण' म्हणत, आणि त्यांचा शब्द प्रार्थनेतल्या आमेनसारखा शेवटचा असे.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी लेक सुकत चालली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला गहू सोसत नाही, कणभरही पोटात जाता कामा नये. ऐकलं आम्ही सगळ्यांनी, मनावर घेतलं एकट्या व्याह्यांनी. घरातली कणीक, रवा, पाव त्यांनी त्याच संध्याकाळी वाटून टाकला. पण आमच्यात नाताळची कोंबडी टोस्टचा चुरा लावून तळतात, आणि लेकीचा तिच्यावर फार जीव. त्या नाताळात ती भरल्या पंगतीत नुसता भात चिवडत बसली. ते व्याह्यांना पाहवलं नाही. रविवारी उपासनेहून आले की कोट खुंटीला लावून ते कढईपुढे बसू लागले. तांदळाचं पीठ लावलं तर कोंबडी दगडासारखी, ज्वारीचं लावलं तर तेलात सुटून जाई. अखेर दोन्ही पिठं मिसळून, दह्यात मुरवलेले तुकडे अंड्यात बुडवून घोळवले, तेव्हा जमलं. गिरणीच्या दगडाला आधीच्या दळणाचा गहू राहतो, म्हणून साठी उलटलेले पोस्टमास्तर जात्यावर बसले. शेजारणी कुंपणावरून म्हणत, "मास्तर, ओव्या म्हणा की!" त्यावर हे चढ्या आवाजात देवळातलं येशूचं गीत लावत.

पुढच्या नाताळाला मीही इरेला पेटलो. लेक माझी, कोंबड्या माझ्या, मग तळणारही मीच. सगळं त्यांच्या रीतीनं केलं आणि झाकलेली परात घेऊन एसटीनं सावेडी गाठली. दारातच व्याही उभे.

"व्याहीबुवा, पीठ कुठं दळलंत?"

"गिरनीत. भांडून मधी नंबर लावला!"

"आपल्या आधी दळण कशाचं होतं?"

"मला काय ठावं? असंल गव्हाचं."

त्यांनी परात हातातून घेतली आणि बाहेरच्या पायरीवर ठेवली. "ही आपण दोघं इथंच बसून खाऊ. सूनबाईच्या पानाजवळ नको."

"सगळ्या सोयऱ्यांम्होरं? मी काय भिकारी हाय व्हय तुमच्या दारचा?"

"नाही. पण कणभर म्हणजे कणभर."

मी उलट्या पावली स्टँड गाठला. मागाहून निरोप आला, 'एकट्यानं खाल्ली. मीठ बेताचं होतं.' तो अपमान मी आजही विसरलेलो नाही. लेक मात्र भरली, गालांवर रंग आला, तिला पोरं झाली.

व्याही गेले तेव्हा जातं लेकीनं माझ्याकडे धाडलं. म्हणाली, "आबा, आता तुमी दळा." नाताळ जवळ आला की मी दळतो. एकट्यानं जातं जड जातं, तरी समोर कुणाला बसू देत नाही. यंदा पीठ पडायला लागलं, तेव्हा चिमूट उचलून मी रिकाम्या जागेपुढे धरली.

"बगा नीट, मास्तर. हाय का कुटं कणभर गहू?"