पेंडीचा नमुना

उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. जनावरांचं खाद्य तपासायचं काम. शेंगदाण्याची पेंड, सरकी, कोंडा, जे येईल ते दळायचं, ओल मोजायची आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बुरशीचं विष दिसतंय का बघायचं. विष असलं की निळं चमकतं. मी नुकताच बीएस्सी झालेलो. पांढरा कोट चढवला की स्वतःला लई मोठा समजायचो. गावाकडचं कुणी भेटायला आलं तरी कोट काढायचो नाही.

दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मोर्चा, बदलू नका म्हणून बंद. चिकलठाण्याकडं कारखान्यांची शेडं वाढत होती आणि इकडं शहरात दुकानाचं शटर कधी खाली येईल, नेम नव्हता.

अशाच एका सकाळी वैजापूरकडची एक धनगरीण मावशी आली. मेंढरं विकून तिनं दोन म्हशी घेतल्या होत्या. पेंडीचं नवं पोतं फोडलं आणि पंधरा दिवसांत एक म्हैस मेली. दुसरी गाभण होती. धुतलेल्या फडक्यातली पेंड माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "हिच्यानंच मेली का, तेवढं सांग बाबा. तवर त्या पोत्याला हात लावत नाय. चांगली असंल तर घालते, नायतर उकिरड्यावर वतते."

तेवढ्यात औरंगपुऱ्यात दगडफेक झाल्याची बातमी आली. एस्टी बंद होणार म्हणाले. मी म्हटलं, "मावशी, पत्ता सांगा आणि निघा, अडकून पडाल." ती निघाली. आमच्या फॉर्मावर 'नमुना कसा घेतला' असा रकाना असायचा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून, जशी असेल तशी पेंड घेतली का, हे विचारायचं असतं. मी न विचारताच 'रीतसर' लिहून टाकलं. सवय होती, दुसरं काय!

दिव्याखाली काही चमकलं नाही. मी दोनदा बघितलं, हे मात्र खरं. साहेबांनी अहवालावर सही केली. माझं काम तिथं संपलं होतं, पण शहाणपणा सुचला. मावशीच्या पत्त्यावर पदरचं एक पोस्टकार्ड टाकलं: 'पेंड चांगली आहे. खुशाल घाला.' किती बरं वाटलं होतं तेव्हा! आपलं शिक्षण कुणाच्या तरी कामी आलं म्हणून.

दीडेक महिन्यानं मावशी पुन्हा दारात. पोस्टकार्ड वाचून घेतल्यावर तिनं उरलेलं पोतं त्या गाभण म्हशीला घातलं होतं. म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं, आणि चार दिवसांनी तीही गेली.

"मावशी, तुम्ही ती पेंड आणली कशी होती?"

"कशी म्हंजी? काळी, जाळी धरलेली ढेकळं निवडून काढली. चार दिस उन्हात घातली, पाखडली, मग बांधली. मोठ्या साहेबाकडं न्यायची वस्तू, तशी घाण कशी आणावी?"

कपाळ माझं! पाहुण्यापुढं ठेवायचे तांदूळ निवडावेत तशी बाईनं पेंड निवडली होती. विष घरी पोत्यात राहिलं आणि उरलेलं स्वच्छ तेवढं मी तपासलं. डोंबलाचं शास्त्र! एक प्रश्न विचारायचा होता मी, फक्त एक. मी तिला ते सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल, घालाव्यात. पण तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "म्हंजी म्याच मारली व्हय रं तिला?"

"नाही हो मावशी, मी मारली," असं मी तीनतीनदा म्हटलं. तिनं ऐकलंच नाही. शिकलेला माणूस आपली समजूत काढतोय, एवढंच तिला वाटलं असावं. उठताना उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तू नको मनाला लावून घिऊ लेकरा. तू तर बरूबर तपासलं हुतं."